बेचाळीस वर्षं बसलेली स्लीव्ह

माझं लग्न ठरत होतं तेव्हा आईने स्थळाबद्दल एकच प्रश्न विचारला होता, "नणंद आहे का?" आहे, असं कळल्यावर तिने कपाळाला हात लावला. मोठी आहे, लग्न केलेलं नाही आणि त्याच घरात असते, हे कळल्यावर दुसराही लावला.

"करते काय ती?"

"लेथ चालवते," मध्यस्थ म्हणाले.

लेथ हे एखाद्या मासिकाचं नाव असावं असं आईला वाटलं. तिला जरा धीर आला. लिहिणारी-वाचणारी बाई आहे, म्हणजे भांडायला तिला वेळ कुठला, असं ती मला दोन दिवस समजावत होती.

लग्नानंतर तिसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघराचं मागचं दार उघडलं आणि ते मासिक मला दिसलं. चांगलं माणसाहून लांब, काळंभोर, लोखंडाचा तुकडा गरगर फिरवून कापणारं यंत्र, आणि त्याच्यापुढे भावाचा जुना शर्ट घालून, बाह्या कोपरापर्यंत गुंडाळून, केस फडक्यात घट्ट बांधून उभ्या असलेल्या माझ्या वन्सं. पट्टा फटफटत होता. लोखंडाचा निळसर कीस वेटोळी घेत खाली पडत होता.

"तिथेच थांब," त्या मान न वळवता म्हणाल्या. "कीस गरम असतो, आणि तुझे केस मोकळे आहेत."

आमच्या नात्यातलं हे पहिलं वाक्य.

वन्सं माझ्याहून आठ वर्षांनी मोठ्या. त्या दहा वर्षांच्या असताना सासूबाई गेल्या. धाकट्या भावाला, म्हणजे आमच्या ह्यांना, शेजारच्या काकूंनी सांभाळलं, पण मुलीला कुठे ठेवायचं? मामंजींनी तिला कारखान्याच्या खोलीतच ठेवलं. कारखाना हे आपलं म्हणायला. एक लेथ, एक धार लावायची सहाण, एक टेबल आणि भिंतीवर टांगलेले पाने. शाळेतून आल्या की वन्सं लाकडी खोक्यावर उभ्या राहून वडिलांचं काम बघायच्या. बाराव्या वर्षी त्यांनी पहिला बोल्ट केला. चौदाव्या वर्षी गावातले लोक "छोट्या मिस्त्री आहेत का?" असं विचारत यायला लागले.

मामंजींचा मात्र शिस्तीचा बडगा मोठा. जॉब, म्हणजे लेथवर चढवलेलं काम, सूतभरही इकडचा तिकडे झालेला त्यांना खपायचा नाही. वन्सं तेरा वर्षांच्या असताना एकदा चकची, म्हणजे जॉब पकडणाऱ्या जबड्याची, चावी चकमध्येच विसरल्या. मशीन सुरू केलं असतं तर चावी उडून कुणाचं तरी डोकं फुटलं असतं. सुरू करण्याआधीच मामंजींनी पाहिलं. ते ओरडले नाहीत, मारलं नाही. नुसतं म्हणाले, "एक महिना या खोलीत पाऊल टाकायचं नाही." तो महिना वन्संनी स्वयंपाकघराच्या दाराशी बसून काढला. आतला आवाज ऐकत. हे मला त्यांनीच सांगितलं, हसत हसत. पण वीस वर्षांपूर्वीच्या गोष्टीतली तारीखसुद्धा माणसाच्या लक्षात असते, तेव्हा ते हसणं किती खरं असतं ते आपल्याला कळतंच.

एकदा त्यांना एक स्थळ आलं होतं. मुलाच्या आईने त्यांचे हात बघितले, बोटांच्या रेघांत बसलेला काळा रंग बघितला आणि म्हणाली, "हात धुऊन ये, बाळ."

"धुतलेलेच आहेत," वन्सं म्हणाल्या. "मळ असता तर गेला असता."

ते लोक परत आले नाहीत. मामंजी आठवडाभर गप्प होते आणि वन्सं आठवडाभर गुणगुणत होत्या, असं हे सांगायचे. ह्यांचं स्वतःचं विचाराल तर लोखंडाशी त्यांचं वैर. भिंतीत खिळा मारायचा तर आधी अंगठा सुजायचा. ते सुखाने कचेरीत गेले आणि लेथ बहिणीकडे राहिला.

मी त्या घरात आले तेव्हा मामंजींचे हात थरथरायला लागले होते. त्यांनी काम सोडलं होतं, पण खोली सोडली नव्हती. दाराजवळ खुर्ची टाकून ते दिवसभर बसायचे. डोळे मिटलेले. मला वाटायचं झोप लागली. मग एकदम म्हणायचे, "हत्यार बोथट झालंय." वन्सं मशीन थांबवून बघायच्या. झालेलं असायचं.

मी सकाळच्या शाळेत शिकवून एकच्या सुमाराला घरी यायचे. चहाचे तीन कप घेऊन मागच्या खोलीत जायचं, हा माझा नेम झाला. आईच्या घरी दुपार म्हणजे झोप. इथे दुपार म्हणजे तेलाचा वास, पट्ट्याची फटफट आणि बापलेकीचं तुटक बोलणं. "किती?" "अर्धा सूत." "घे." एवढ्यावर त्यांचं तासभर भागायचं. मला त्या बोलण्यातलं फार काही कळायचं नाही, पण ऐकायला बरं वाटायचं. आजही कुठे लेथचा आवाज आला की माझ्या तोंडाला चहाची चव येते.

माझ्या लग्नाला चार वर्षं झाली त्या उन्हाळ्यातली गोष्ट. एक दिवस दुपारी पाणीपुरवठ्याचा पंपवाला हातगाडीवर एक लांबलचक शाफ्ट घालून आला. बरोबर दोन माणसं. वरच्या वस्तीला पाणी चढवणाऱ्या पंपाचा तो फिरता दांडा होता आणि त्याच्या एका टोकाचे आटे पार झिजून गेले होते. नवा शाफ्ट यायला दोन महिने. मोठ्या कारखान्याचं वर्कशॉप सुट्टीमुळे बंद. दोन दिवस वरच्या वस्तीतल्या बाया घागरी, बादल्या, डबे घेऊन चढ चढत होत्या.

"ताई, तुम्हीच बघा आता," पंपवाला म्हणाला.

वन्संनी शाफ्ट मापला. सव्वा इंच जाड, साडेसहा फूट लांब. आमच्या लेथवर फार तर चार फुटांचा जॉब बसायचा. मग त्यांनी चकच्या तोंडातून आत डोकावून पाहिलं, आणि मामंजींकडे बघितलं.

इथे मला थोडं सांगायला हवं. लेथचा स्पिंडल म्हणजे चकला फिरवणारा जाड दांडा. तो आतून आरपार पोकळ असतो. जॉब फार लांब असला तर त्याचं शेपूट या पोकळीतून मागे बाहेर काढायचं आणि पुढचं टोक चकमध्ये धरून काम करायचं. स्पिंडलचं भोक तोंडाशी निमुळतं असतं. त्यात तसंच निमुळतं हत्यार सरकवलं की ते नुसत्या घट्टपणावर बसतं, ना स्क्रू लागतो ना खिळा. आणि भोक मोठं, हत्यार लहान असं असेल तर दोघांच्या मधे एक निमुळती नळी घालतात. तीच स्लीव्ह. आमच्या लेथमध्ये अशी एक स्लीव्ह बसवलेली होती आणि तिच्यामुळे आतली वाट जेमतेम सहा सुतांची, म्हणजे पाऊण इंचाची राहिली होती. सव्वा इंचाचा शाफ्ट तिथून जाणार कसा?

"अप्पा, स्लीव्ह काढावी लागेल," वन्सं म्हणाल्या.

"नाही."

"त्याशिवाय शाफ्ट जात नाही."

"मग जाऊ नकोस त्या भानगडीत. बसली आहे ती बरी बसली आहे. ठोकाठोकी करशील तर बेअरिंग जाईल."

"मी ठोकणारच नाही."

"मी नाही म्हणालो ना!" मामंजींनी खुर्चीच्या हातावर मूठ आपटली. त्यांचा आवाज चढलेला मी पहिल्यांदाच ऐकला. पंपवाला उगाच शाफ्टवरची धूळ पुसत राहिला.

ती स्लीव्ह मी कधी निघालेली पाहिली नव्हती. वन्संनीही नाही. त्या खोक्यावर उभ्या राहायच्या तेव्हाही ती तिथेच होती. काढू या का, असं त्यांनी लहानपणी दोनदा विचारलं होतं आणि दोन्ही वेळा हेच उत्तर मिळालं होतं. लेथला हात लावायला मामंजींनी लेकीला सगळीकडे मोकळीक दिली, फक्त तेवढी चार बोटं जागा सोडून.

"शाफ्ट ठेवून जा," वन्सं पंपवाल्याला म्हणाल्या. "उद्या या."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी मी चहा ठेवत होते तेव्हा वन्सं आत आल्या. "मोठं पातेलं भरून पाणी उकळायला ठेव. आणि जुनी फडकी असतील तेवढी दे."

"मामंजींना काय सांगू?"

"मी सांगितलंय त्यांना कालच. त्यांनी ऐकलं नाही, ते वेगळं."

त्यांनी आदल्या संध्याकाळीच स्लीव्हच्या कडेने राकेल आणि तेल सोडून ठेवलं होतं. तो वास मामंजींना पहाटेच आला असणार. पण ते पुढच्या खोलीत पेपर उलटा धरून बसले होते. हे हळूच मला म्हणाले, "आज मी बाजारात जरा जास्त वेळ काढतो," आणि पिशवी घेऊन सटकले.

वन्संनी पितळेचा एक तुकडा चकमध्ये धरला आणि मशीन सुरू केलं. गंमत बघा, स्लीव्ह आत अडकलेली असली तरी चक बाहेरच्या बाजूला बसतो, त्यामुळे लेथ चालत होता. स्वतःच्या पायातला काटा काढायला लागणारी सुई तो स्वतःच करत होता. पितळ कापतानाचा आवाज लोखंडापेक्षा वेगळा, बारीक आणि स्वच्छ. दहा मिनिटं झाली असतील. मागे वळून बघते तर मामंजी दारात उभे.

"पितळ कापतेस?"

"हो."

"कितीचं?"

"अकरा सूत. मधे भोक पाच सुताचं."

मामंजींना कळलं होतं. अकरा सुताचं हे पितळी बूच मागच्या बाजूने पोकळीत बरोबर सरकेल आणि स्लीव्हच्या पाठीवर सगळीकडून सारखं टेकेल. त्याच्या भोकातून, मागच्या टोकाला नट लावलेला, आटे पाडलेला लांब गज आरपार घ्यायचा. पुढे चक उतरवून स्पिंडलच्या तोंडावर जाड पाइपचा तुकडा ठेवायचा, त्यावर भोक पाडलेली लोखंडी चकती, आणि मग पुढचा नट आवळत जायचा. म्हणजे स्लीव्ह ओढली जाते आणि हातोड्याचं काम पडत नाही. बेअरिंगला धक्काही बसत नाही.

"हे तुला कुणी शिकवलं?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही. वीस वर्षं विचार करतेय."

मामंजी खुर्चीवर येऊन बसले. "गज मागून कुणीतरी धरायला लागेल," ते खालच्या आवाजात म्हणाले. "नाहीतर तोही नटाबरोबर फिरेल."

धरायला मी सोडून होतंच कोण? आयुष्यात पहिल्यांदा मी पाना हातात घेतला. मागे बसून गजाचं टोक पकडून ठेवलं. पुढून वन्सं नट आवळत होत्या. आधी सहज फिरला, मग जड झाला, मग माझ्या मनगटाला रग लागली. स्लीव्ह हलली नाही. वन्संनी उकळत्या पाण्यातून फडकी काढून स्पिंडलच्या तोंडाभोवती गुंडाळली. बाहेरचं तापलं की किंचित फुगतं आणि आतल्यावरची पकड सोडतं. पुन्हा नट. पुन्हा फडकी. पंपवालाही तोवर येऊन दाराशी उभा राहिला होता.

"आता थांब," एकदम मामंजी म्हणाले. डोळे मिटलेलेच. "जास्त आवळू नकोस. ताण राहू दे, आणि वाट बघ."

आम्ही वाट बघत राहिलो. चहा निवला. पंपवाल्याने दोनदा खोकून पाहिलं. आणि मग, कुणी हात लावलेला नसताना, "टक्क!" असा आवाज झाला. सुकं लाकूड मोडावं तसा. माझ्या हातातला पाना एकदम हलका पडला आणि मी पाठीवर पडता पडता वाचले.

वन्संनी चकती काढली, पाइप काढला आणि स्लीव्ह हातात घेतली. काळी पडलेली, गरम, वीतभर लांबीची. पंपवाल्याने टाळी वाजवली. मीही वाजवणार होते, पण वन्सं हसत नव्हत्या. त्यांनी तर्जनी स्पिंडलच्या भोकात घातली होती आणि ती हळूहळू आत फिरवत होत्या. त्यांचा चेहरा बदलत गेला. मामंजी आता डोळे उघडून फक्त त्या चेहऱ्याकडे बघत होते.

"काय हो ताई, ठीक आहे ना?" पंपवाल्याने विचारलं.

"ठीक आहे," वन्सं म्हणाल्या. "थोडा गंज आहे. एवढ्या वर्षांत धरणारच."

मग त्या कामाला लागल्या. शाफ्टचं शेपूट मागून बाहेर काढलं, टोक साफ केलं, नवे आटे पाडले. दोन-अडीच तासांत काम झालं. शाफ्ट घेऊन पंपवाला गेला. जाताना वन्संच्या पाया पडायला वाकला तर त्या म्हणाल्या, "पाया नको पडू, वेळच्या वेळी ग्रीस घाल."

तो गेल्यावर मामंजी म्हणाले, "गंज नाही तो."

वन्सं हात पुसत राहिल्या.

"माझं झाकू नकोस. काय लागलं बोटाला, सांग."

"चरे आहेत, अप्पा. गोल गोल. खोल आहेत."

"मी केलेत," मामंजी म्हणाले.

त्यांनी सांगितलं ते असं. हा लेथ घेतला त्याला बेचाळीस वर्षं झाली होती; तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचे होते. ज्यांच्या हाताखाली ते शिकले ते उस्ताद दुसऱ्या दिवशी मशीन बघायला येणार होते. उस्तादांना दाखवायला म्हणून एक अवघड जॉब आदल्या दिवशीच उरकायची त्यांना घाई. मोठा ड्रिल स्पिंडलमध्ये बसवला, पण बसवण्याआधी भोक पुसलं नाही. ड्रिल जॉबमध्ये अडकला आणि त्याचं निमुळतं बूड भोकात गरगर फिरलं. नव्याकोऱ्या स्पिंडलच्या पोटात नांगर फिरवल्यासारखे चरे पडले. त्यांनी स्लीव्ह घेतली आणि हातोड्याने ठोकून ठोकून बसवली. चरे झाकले गेले. उस्ताद आले, सगळीकडे हात फिरवला आणि म्हणाले, "छान ठेवलंयस मशीन."

"जन्मात त्यांनी माझं एवढंच कौतुक केलं," मामंजी म्हणाले. "आणि तेही या स्लीव्हवर."

माझं तिथे काय काम, म्हणून मी कप उचलायला वाकले, पण पाय निघेना.

"मला एक महिना बाहेर बसवलं होतंत," वन्सं म्हणाल्या. "चावी चकमध्ये राहिली म्हणून."

"हो."

"तेरा वर्षांची होते मी."

"हो."

"आणि हे असं असताना?"

"असं होतं म्हणूनच," मामंजी म्हणाले. "दुसऱ्याला ओरडलं की आपलं विसरायला होतं, असं वाटायचं. नाही होत."

वन्सं उठून मागच्या अंगणात गेल्या. नळाखाली त्यांनी बराच वेळ हात धुतले. जे निघत नाही हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, ते त्या धूत राहिल्या. मी मामंजींकडे बघू शकत नव्हते. मला त्यांचा रागही आला होता आणि तेवढीच कीवही.

परत आल्या तेव्हा वन्संचे डोळे लाल होते. पण आवाज कामाचा होता.

"चरे तसेच ठेवता येणार नाहीत. आतून एक हलका काप घ्यावा लागेल. बॅटरी धरा, मला आतलं दिसत नाही."

"माझा हात हलतो गं."

"हलू दे. उजेड हलला तर काही बिघडत नाही."

पुढचे तीन दिवस बापलेक त्या भोकात डोकं घालून होते. निमुळत्या भोकाला त्याच्याच उताराने काप घ्यायचा, म्हणजे कौशल्याचं काम. वन्सं केसाएवढं घ्यायच्या, मशीन थांबवायच्या. मग मामंजी आत बोट घालायचे. त्यांचा हात थरथरायचा, पण बोटाचं टोक एकदा लोखंडाला टेकलं की ते थांबायचं. "इथे अजून एक आहे," ते म्हणायचे. "सगळ्यात खोल हाच. हा पडला तेव्हाचा आवाज मला अजून ऐकू येतो." तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी बोट बाहेर काढलं, पुसलं आणि म्हणाले, "गेला." त्या दिवशी तिघांनी चहा दोनदा घेतला.

वरच्या वस्तीला पाणी त्याआधीच चढलं होतं. तिथल्या बाया वन्संना बघायला आल्या. पंप दुरुस्त करणारी बाई कशी दिसते ते त्यांना बघायचं होतं. वन्सं मागच्या दाराने पसार झाल्या आणि मीच ती असं समजून त्यांनी माझाच हात हातात घेतला. मी पाना धरला होता हे खरं, म्हणून मीही फार नाही म्हटलं नाही.

मामंजी त्यानंतर तीन वर्षं होते. त्या वर्षांत त्यांची जीभ मोकळी झाली. कुणी आलं की चऱ्यांची गोष्ट सांगायचे, आणि दर वेळी उस्तादांना थोडे जास्त कडक करायचे. वन्संना ते कामात टोकेनासे झाले. आधी आधी वन्संना ते बरं वाटलं. मग एक दिवस त्याच म्हणाल्या, "अप्पा, हत्यार बोथट झालं तर सांगत जा हो. तुम्ही बोलला नाहीत की मला एकटं वाटतं." मामंजी गेले ते थंडीच्या दिवसांत, सकाळी, पेपर वाचता वाचता. पेपर तेव्हा सुलट होता.

वन्संनी पुढे पंचवीस वर्षं लेथ चालवला. गुडघे उभं राहू देईनात तेव्हा मशीन एका शिक्षणसंस्थेला दिलं. ट्रकवर चढवत होते तेव्हा त्या बाहेर आल्या नाहीत. आत बसून निवांत भाकरी खात होत्या. मी म्हटलं, "वन्सं, बघा तरी." त्या म्हणाल्या, "मी बघून ते थांबणार आहे का?" पण त्या घासाला त्यांनी फार वेळ लावला.

आता त्या एक्क्याऐंशीच्या आहेत, मी त्र्याहत्तरची. हे दोन वर्षांपूर्वी गेले. लेथच्या त्या रिकाम्या खोलीतल्या फरशीवरचं तेल काढायला आम्ही दोघींनी आठवडाभर साबण, सोडा, राख सगळं करून पाहिलं. ते निघालं नाही. मग वन्संनी आपला पलंगच तिथे हलवला. उत्तरेच्या खिडकीतून तिथे चांगला उजेड येतो. दुपारी मी पेपर घेऊन त्यांच्या पायाशी बसते आणि मोठ्याने वाचून दाखवते. त्या डोळे मिटून ऐकतात. मधेच मला वाटतं झोप लागली, म्हणून मी एखादी बातमी गाळते.

"ती मधली वाच," वन्सं म्हणतात.